पाच जणांचा बँड, दोघांची रॉयल्टी: झॉम्बीजचं प्रकरण

डेक्का कंपनीची 1964 सालची निळ्या लेबलची तबकडी. ठळक अक्षरांत बँडचं नाव, द झॉम्बीज. गाण्याचं नाव ‘शीज नॉट देअर’ आणि त्याखाली कंसात, डोळे बारीक करून वाचावं लागेल एवढ्या टायपात, गाणं लिहिणाऱ्याचं एकच आडनाव: आर्जंट. तबकडी उलटली की ‘यू मेक मी फील गुड’, कंसात व्हाइट. ठळक नावात पाच जण आहेत, कंसात दोघंच. जुलै 1964 ते डिसेंबर 1967 या साडेतीन वर्षांत या बँडचं जे काही झालं त्यातलं बरंचसं या कंसामुळे झालं.

झॉम्बीजवर लिहिणारे बहुतेक जण ‘ओडेसी अँड ऑरॅकल’बद्दल ‘काळाच्या पुढचा अल्बम, जगाला उशिरा कळला’ इथे येऊन गहिवरतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चांगला अल्बम पडला म्हणून बँड मोडला असंही नाही. अल्बम बाजारात यायच्या चार महिने आधीच तो मोडला होता. त्यामुळे हे प्रकरण आधी हिशेबाच्या वहीतून आणि मग गाण्यांतून पाहावं लागतं.

माणसं

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये सेंट ऑल्बन्स नावाचं कॅथीड्रलचं गाव आहे. तिथल्या शाळकरी मुलांनी 1961 मध्ये हा बँड काढला. रॉड आर्जंट कॅथीड्रलच्या गायकवृंदात वाढलेला, ह्यू ग्रन्डी ड्रम्सवर, पॉल अ‍ॅटकिन्सन गिटारवर. कॉलिन ब्लन्स्टोन गिटार वाजवायला आला होता आणि गाणार होता आर्जंट. तालमीच्या मधल्या सुट्टीत आर्जंट पियानोवर बसला, त्याचा हात सगळ्यांनी ऐकला आणि अदलाबदल ठरली: आर्जंट कीबोर्डवर, ब्लन्स्टोन माइकसमोर. बँडला नाव देणारा पहिला बासवादक डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बाहेर पडला आणि त्याच्या जागी ख्रिस व्हाइट आला. व्हाइटच्या वडिलांचं मार्किएट गावात किराणा-भुसार छापाचं दुकान होतं, तालमीला जागा तिथे मिळाली.

ही माणसांची अदलाबदल लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिव्हरपूलचे बीट बँड गिटारवर उभे होते: दोन गिटार, बास, ड्रम्स. झॉम्बीजचा कणा मात्र कीबोर्ड होता, आणि गळा होता तो श्वासाचा आवाज ऐकू येईल असा मऊ. स्टुडिओत हे सोनं. ओरडणाऱ्या पोरींनी भरलेल्या हॉलमध्ये, त्या काळातल्या तुटपुंज्या भोंग्यांवर, हाच गळा पहिल्यांदा बुडायचा.

1964 च्या मे महिन्यात वॉटफर्ड टाउन हॉलमध्ये ‘हर्ट्स बीट’ स्पर्धा झाली, झॉम्बीज जिंकले. बक्षीस 250 पौंड. त्याहून मोठं म्हणजे डेक्काचं दार उघडलं. पण डेक्काशी थेट व्यवहार झाला नाही. मध्ये केन जोन्स आणि जो रॉनकोरोनी यांची मार्क्विस एन्टरप्रायझेस होती. ध्वनिमुद्रण मार्क्विस करणार आणि तयार टेप डेक्का तबकडीवर काढणार, अशी रचना. तेव्हा हे नवं नव्हतं, पण परिणाम सांगून ठेवायला हवा: रेकॉर्डचा प्रत्येक पैसा आणखी एका हातातून फिरून मग पोरांपर्यंत यायचा, आणि गाणं कसं ऐकू यावं यावर शेवटचा शब्द जोन्सचा असायचा.

12 जून 1964

केन जोन्सने पोरांना सुचवलं होतं की स्वतःचं काहीतरी लिहून आणलंत तर बघू. आर्जंट ‘शीज नॉट देअर’ घेऊन आला, व्हाइट ‘यू मेक मी फील गुड’. वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेक्का स्टुडिओत संध्याकाळचं सत्र होतं. नेमलेला इंजिनिअर इतका प्यायलेला होता की अखेर त्याला टॅक्सीत घालून घरी रवाना करावं लागलं. त्याच्या जागी हाताखालचा गस डजन बसला. पुढे एल्टन जॉनचे गाजलेले अल्बम करणारा हाच तो डजन.

गाण्याचा जीव होनर पिआनेटमध्ये आहे. हे वाद्य आतून पाहिलं की त्या आवाजाचा उलगडा होतो. प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक चिकट गादी असते आणि ती धातूच्या पातीला चिकटून बसलेली असते. पट्टी दाबली की गादी उचलली जाते, सुटताना पातीला ओढते, आणि पाती झंकारते. बोट काढलं की गादी परत पातीवर बसते आणि आवाज जागीच मरतो. सूर लांबवायला पॅडल नाही. म्हणून पिआनेटवर लांबट, वाहते स्वर निघत नाहीत. तुटक, टोकदार स्वरगुच्छ निघतात, आणि ‘शीज नॉट देअर’ची सगळी रचना त्याच तुटकपणावर बांधलेली आहे. आजही जुना पिआनेट कुणी विकत घेतला तर पहिली तक्रार या गाद्यांची येते. त्या सुकतात, मग काही पट्ट्या मुक्या होतात, काही फक्त ‘टक’ करतात. गाद्या बदलल्याशिवाय तो आवाज परत येत नाही.

स्वररचनाही साधी पण चलाख. कडवं ए मायनरवर सुरू होतं आणि लगेच डी मेजरला जातं. हा मायनरमधला मेजर चौथा स्वरगुच्छ गाण्याला जॅझकडे झुकवतो, आणि ध्रुवपदाच्या शेवटी गाणं अनपेक्षितपणे ए मेजरवर येऊन थांबतं. व्हाइटचा बास आणि ग्रन्डीचा अडखळत चालणारा ताल नसता तर हे सगळं पियानोचा रियाज वाटलं असतं. मोनो मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकाच वाहिनीत मिसळलेली अंतिम टेप, करताना त्यात ड्रमचे जादा ठोके चढवले. ते टेपच्या ट्रॅकवर नाहीत, थेट अंतिम मिक्समध्ये गेले. त्यामुळे या गाण्याची नंतरची स्टिरिओ आवृत्ती कायम थोडी पांगळी वाटते. पुढे हाच प्रकार त्यांना महागात पडणार होता.

ब्रिटनमध्ये गाणं 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत डिसेंबर 1964 मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. नाताळात ही मुलं ब्रुकलिनच्या फॉक्स थिएटरमध्ये मरे द के या रेडिओ निवेदकाच्या कार्यक्रमात होती. जानेवारी 1965 मध्ये ‘टेल हर नो’ आलं, अमेरिकेत सहावं, ब्रिटनमध्ये 42 वं. मायदेशी ते पुन्हा यादीत दिसलेच नाहीत. इथून हा बँड राहायला इंग्लंडमध्ये आणि विकायला अमेरिकेत, अशी स्थिती झाली.

कंसातल्या नावाचा हिशेब

रेकॉर्ड विकली गेली की दोन वेगळ्या वाटांनी पैसा निघतो. एक वाट वादक-गायकांची, दुसरी गीतकार-संगीतकारांची. दोन्हींचे दर वेगळे, देणारे वेगळे, आणि मुख्य म्हणजे वाटेकरी वेगळे.

ब्रिटनमध्ये 1956 च्या कायद्याने रचनाकाराची बाजू ठरलेली होती: किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के. सिंगलची, म्हणजे दोन गाण्यांच्या तबकडीची, किंमत साधारण 6 शिलिंग 8 पेन्स, म्हणजे शिलिंगला 12 पेन्स या जुन्या हिशेबाने 80 पेन्स. कराची भानगड बाजूला ठेवली तर सव्वासहा टक्के म्हणजे 5 पेन्स. दोन बाजूंना निम्मे निम्मे, म्हणजे प्रत्येक गाण्याला अडीच पेन्स. गाण्याचे हक्क सांभाळणारा प्रकाशक निम्मे घेतो असं धरलं तर लिहिणाऱ्याच्या हाती सव्वा पेनी.

आता दुसरी वाट. त्या काळातलं माप म्हणून बीटल्सचा 1962 चा पहिला करार घ्या: एका सिंगलमागे एक पेनी, तीही सगळ्यांत वाटून. तोच दर पाच जणांना लावला तर प्रत्येकी एक पंचमांश पेनी. सव्वा पेनी विरुद्ध पंचमांश पेनी, म्हणजे एका तबकडीमागे सहापटीहून जास्त फरक. आणि लिहिणाऱ्यांना हा पंचमांशही मिळतोच.

अमेरिकेत दर वेगळा होता, एका गाण्याला सरळ 2 सेंट. दहा लाख प्रती खपल्या तर एका गाण्याचे 20,000 डॉलर. प्रकाशकाचे निम्मे गेले तर 10,000. तेव्हाच्या पौंडाला 2.80 डॉलर या भावाने साडेतीन हजार पौंड. मधल्या परदेशी प्रकाशकांनी यातून आणखी किती चावा घेतला तरी रक्कम हास्यास्पद होत नाही.

आणि इथे बी बाजूची, म्हणजे तबकडीच्या उलट्या बाजूची, गंमत येते. बी बाजू कुणी ऐकत नाही, पण रॉयल्टी तिला ए बाजूइतकीच मिळते, कारण तबकडी एकच विकली जाते. लोक आर्जंटचं गाणं ऐकायला तबकडी घेत होते आणि व्हाइटच्या खात्यात तेवढेच पैसे पडत होते. आपल्या बी बाजूवर कुणाचं गाणं जातं यावरून त्या काळात कितीतरी बँड भांडले, त्यामागे हेच गणित आहे.

रेडिओची बाब याहून कडवी. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला जातात, गाणाऱ्याला नाही. आजही साध्या रेडिओ केंद्रांपुरता तिथला कायदा तसाच आहे. झॉम्बीजचा सगळा बाजार अमेरिकेत. म्हणजे देशभर रात्रंदिवस जो गळा वाजत होता त्या ब्लन्स्टोनला त्या वाजण्याचा पैसा नव्हता. अ‍ॅटकिन्सनला नाही, ग्रन्डीला नाही. या तिघांचं पोट कार्यक्रमांवर, आणि कार्यक्रमाच्या बिदागीतून आधी एजंट, मग गाडी, पेट्रोल, सामान चढवणारा माणूस, राहण्याचा खर्च जाणार. उरेल त्याचे पाच भाग.

यात कुणी कुणाला फसवलं नाही. म्हणूनच ते सुटायला अवघड होतं. आर्जंट आणि व्हाइट खरोखरच गाणी लिहीत होते. काही बँड सगळी गाणी सगळ्यांच्या नावावर टाकतात आणि हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवतात. झॉम्बीजनी तसं केलं नाही, आणि विशीच्या आतबाहेरच्या मुलांना ते सुचावं अशी अपेक्षा करणंही जास्तच आहे.

दोन वर्षं उतरण

1965 आणि 1966 पटकन सांगण्यासारखी आहेत. ‘टेल हर नो’नंतर सिंगल निघत राहिले, एकही चालला नाही. ऑटो प्रेमिंजरच्या ‘बनी लेक इज मिसिंग’ या चित्रपटात पबमधल्या टीव्हीवर बँड दिसतो, एवढंच. जोन्सला दुसरं ‘शीज नॉट देअर’ हवं होतं. तोच श्वास, तोच पियानो, पण धार बोथट. आपली गाणी मिक्समध्ये मऊ पडताहेत हे पोरांना ऐकू येत होतं, पण मिक्सच्या वेळी त्यांना विचारत कुणी नव्हतं.

1967 मध्ये फिलिपिन्सचा दौरा झाला. मनिलाजवळच्या अरानेता कोलिसियममध्ये उतरल्यावर यांना कळलं की इथे आपण अव्वल दर्जाचे तारे आहोत. हजारोंची गर्दी, रोज. मोबदला मात्र इंग्लंडमधूनच ठरून आलेला, ठोक आणि किरकोळ. तिकीटविक्रीत वाटा नव्हता. ठोक रकमेच्या करारात आपली किंमत बाजाराआधी दुसऱ्याला कळलेली असते आणि आपल्याला ती स्टेजवर चढल्यावर कळते.

हजार पौंडांत अल्बम

डेक्काचा करार संपला. आर्जंट आणि व्हाइटने ठरवलं की बँड मोडायचाच असेल तर एक अल्बम आपल्या कानाने करून मग मोडू. सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने होकार दिला आणि 1,000 पौंड मंजूर केले. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमला साधारण 25,000 पौंड लागल्याचं सांगतात, यावरून अंदाज यावा. जागा मात्र तीच, ईएमआयचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. 1 जून 1967 ला काम सुरू झालं, म्हणजे बीटल्सचा तो अल्बम दुकानांत आला त्याच सुमारास. इंजिनिअरही तेच, जेफ एमरिक आणि पीटर व्हिन्स.

कमी पैशांत हे जमलं ते शिस्तीमुळे. स्टुडिओत बसून गाणं शोधायची चैन परवडणारी नव्हती. मांडणी आणि सुरावटी आधी तालमीत पक्क्या व्हायच्या, मग तीन-तीन तासांच्या सत्रात मूळ वादन, त्यावर आवाज. टेपवर ट्रॅक चारच. ते भरले की एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचे थर. दर उतरवणीत टेपची खरखर वाढते आणि एकत्र केलेलं पुन्हा सुटं होत नाही, म्हणून आवाजाच्या पातळ्या तिथल्या तिथे बरोबर ठरवाव्या लागतात.

व्हायोलिन-चेलोवाल्यांना द्यायला पैसे नव्हते. स्टुडिओत जॉन लेननचा मेलोट्रॉन पडून होता, आर्जंटने तो ओढला. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतंत्र फीत असते, तिच्यावर खऱ्या वाद्याचा एक सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत धावते, सुमारे आठ सेकंदांत संपते, सोडली की स्प्रिंगने मागे जाते. म्हणून सलग लांब सूर धरता येत नाही. आठ सेकंदांच्या आत हात उचलून पुन्हा दाबावं लागतं, किंवा स्वरगुच्छ बदलत राहावं लागतं. ‘ओडेसी अँड ऑरॅकल’मधले तंतुवाद्यांसारखे पट्टे लक्ष देऊन ऐकले तर ती उचल-ठेव जाणवते.

अल्बमच्या अखेरीकडे आर्जंट ‘टाइम ऑफ द सीझन’ घेऊन आला. गाणं इतकं ताजं होतं की ब्लन्स्टोनच्या गळ्यात ते बसलेलं नव्हतं. घड्याळाचे पैसे चालू, आणि आर्जंट काचेपलीकडून फिरत सुधारतोय: असं नको, तसं म्हण. ब्लन्स्टोन वैतागला, एवढं येतंय तर तूच गा, या थरापर्यंत गोष्ट गेली. शेवटी गायला तोच, आणि त्या गाण्यातला थंड, ताठ उच्चार कदाचित त्या वैतागाचाच आहे.

मुखपृष्ठ व्हाइटच्या घरात राहणाऱ्या टेरी क्वर्क या मित्राने काढलं. त्यात ‘ओडिसी’चं स्पेलिंग चुकलं. सुधारायला वेळ नव्हता, तेव्हा ते मुद्दाम केल्याचं कारण पुढे करण्यात आलं आणि बँडमधल्या काहींनीही कित्येक वर्षं ते खरं मानलं.

मोनो झाल्यावर स्टिरिओ

मोनो मिक्स तयार झाला, पैसे संपले. मग सीबीएसने स्टिरिओ मिक्स मागितला. अमेरिकेत तोवर स्टिरिओशिवाय चालत नव्हतं. खर्च साधारण 200 पौंड, आणि कंपनी देणार नाही. तो आर्जंट आणि व्हाइटने आपल्या रॉयल्टीतून भरला. पाचांपैकी भरू शकणारे दोघंच होते, हेही त्याच कंसाचं फळ.

एका गाण्यात मात्र पैसे भरूनही मार्ग निघेना. ‘धिस विल बी अवर इयर’मधली पितळी वाद्यं जोन्सने मोनो मिक्स करतानाच थेट चढवली होती, ‘शीज नॉट देअर’च्या ठोक्यांसारखीच. ट्रॅकच्या टेपवर त्यांचा मागमूस नाही. मग मोनोलाच गाळण्या लावून डाव्या-उजव्या कानात फोडलेला खोटा स्टिरिओ त्या गाण्यापुरता लावावा लागला. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: शेवटच्या मिक्समध्ये थेट काही मिसळायचं असेल तर तेवढाच भाग वेगळ्या ट्रॅकवरही वाजवून ठेवा.

‘फ्रेन्ड्स ऑफ माइन’ पडलं. नोव्हेंबर 1967 मध्ये ‘केअर ऑफ सेल 44’ पडलं. अ‍ॅटकिन्सनचं लग्न ठरलेलं, त्याला नियमित पगार हवा होता. ब्लन्स्टोनकडे पैसे नव्हते. डिसेंबरमध्ये बँड विसर्जित झाला, बिनभांडणाचा. आर्जंट आणि व्हाइटला बँड मोडण्याची घाई नव्हती, कारण त्यांच्याकडे वाट पाहण्याइतका पैसा होता. उरलेल्या तिघांना एक महिना काढणंही जड होतं. एप्रिल 1968 मध्ये अल्बम ब्रिटनमध्ये आला तेव्हा तो वाजवून दाखवायला कुणी नव्हतं.

रिकामं नाव

सीबीएसच्याच अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीला हा अल्बम काढायचा नव्हता. तिथे निर्माता म्हणून नुकताच लागलेला अल कूपर लंडनहून ही रेकॉर्ड घेऊन गेला आणि वरिष्ठांच्या मागे लागला. डेट या दुय्यम लेबलवर अल्बम निघाला. पहिला सिंगल म्हणून त्यांनी पहिल्या महायुद्धावरचं ‘बुचर्स टेल’ निवडलं, व्हिएतनामचा संदर्भ लागेल या आशेने. अल्बममधलं सर्वांत न विकणारं गाणं त्यांनी हुडकून काढलं, असंच म्हणायचं. मग ‘टाइम ऑफ द सीझन’, जे मार्च 1969 मध्ये बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

तोवर ब्लन्स्टोन लंडनमध्ये विमा कंपनीत कारकुनी करून पुन्हा गाण्याकडे वळत होता. 1969 मध्येच त्याने नील मॅकआर्थर या टोपणनावाने ‘शीज नॉट देअर’ पुन्हा गायलं आणि ते ब्रिटनमध्ये 34 पर्यंत गेलं. म्हणजे अमेरिका ज्याच्या गळ्यावर लुब्ध झाली होती तो स्वतःचंच गाणं परक्या नावाने विकत होता. अ‍ॅटकिन्सन आणि ग्रन्डी दुसऱ्या कामांना लागले होते. आर्जंट आणि व्हाइटचा नवा बँड उभा राहत होता. दौऱ्यासाठी भरघोस पैसे पुढे आले, त्यांनी नाही म्हटलं.

मागणी आहे आणि माल नाही, तेव्हा नकली माल येतो. अमेरिकेत ‘झॉम्बीज’ म्हणून दोन टोळ्या फिरू लागल्या. टेक्ससमधल्या टोळीत चारच जण होते, आणि त्यातले दोघं, डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड, पुढे झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडमध्ये गाजले. चेहरे ओळखीचे नव्हते, दूरचित्रवाणीवर बँड क्वचित दिसलेला, आणि ज्यांनी खटला भरायचा ते समुद्रापलीकडे वेगवेगळ्या नोकऱ्यांत. आयोजक तर बिनदिक्कत सांगायचे की नावाचे हक्क आमच्याकडे आहेत.

1977 मध्ये सांताना या अमेरिकन बँडने ‘शीज नॉट देअर’ गायलं, ब्रिटनमध्ये 11, अमेरिकेत 27. लेबलवर कंसातलं नाव तेच होतं.

‘ओडेसी अँड ऑरॅकल’ सलग, रंगमंचावर, पहिल्यांदा वाजला तो 2008 मध्ये, लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायरमध्ये. अ‍ॅटकिन्सन 2004 मध्ये गेला होता, बाकी चौघं होते. अ‍ॅबी रोडला आर्जंटने पियानो, ऑर्गन आणि मेलोट्रॉन एकामागून एक थर देत वाजवले होते. स्टेजवर ते एकाच वेळी हवेत, आणि हात दोनच. म्हणून बीच बॉइजवाल्या ब्रायन विल्सनच्या बँडमधला डॅरियन सहनाजा दुसऱ्या कीबोर्डवर बसला, मेलोट्रॉनचे सूर त्याच्याकडे दिले, आणि आर्जंट पियानो-ऑर्गनला मोकळा झाला.